उन्हातलं बटण

"ॲपचं रूप ठरवणारी जुनी सीएसएस फाइल कुणी उडवली?" शलाकानं लॅपटॉप टेबलावर जवळजवळ आपटलाच.

"मी!" टीम लीड ईशान खुशीत म्हणाला. "आता रंग, आकार, अंतर, सगळ्याला तयार छोटी नावं आहेत. ती थेट जावास्क्रिप्टच्या कोडमध्येच लिहायची. सेटअप झाला पूर्ण. बघ, ॲप किती देखणं दिसतंय!"

नव्या पद्धतीबद्दल तिची तक्रार नव्हतीच. ती आणा म्हणून तीच मागे लागली होती. पण या बाबानं सेटअप करताना त्यांच्या ॲपचे ठरलेले रंग आणि मापं भरलीच नव्हती. जे आयतं आलं, तेच ठेवून दिलं होतं. उघड्यावर, उन्हात बाळांची वजनं नोंदवणाऱ्या अंगणवाडी सेविकांसाठी तिनं मुद्दाम केलेलं मोठं, ठसठशीत, गर्द हिरवं बटण आता फिकट राखाडी आणि चिमुकलं झालं होतं.

"अगं, ते जुनं किती बटबटीत होतं!"

तिचं डोकंच फिरलं. टेस्टिंगसाठी ठेवलेला स्वस्तातला फोन तिनं त्याच्या हातात कोंबला आणि त्याला भर दुपारी पार्किंगच्या उन्हात नेऊन उभं केलं. "चल, कर वजनाची नोंद."

ईशाननं डोळे बारीक केले, फोन तिरका करून पाहिला, शेवटी दुसऱ्या हाताचा आडोसा धरला. "हां, दिसलं बटण!"

"तो हात काढ," ती कडाडली. "सेविकेच्या त्या हातात बाळ असतं."