तुरेवाली

“एकही कोंबडी हाती लागत नाही गं. तुझ्या हाकेला येतात, तू बोलाव,” नवरा धापा टाकत म्हणाला. जावई पहिल्यांदाच मुक्कामाला आले होते, म्हणून परसात पुरुषांनी वेगळी चूल मांडली होती. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून अनसूयाबाई वशाटाच्या भांड्यालाही शिवत नसत.

“ते पाप मला नको.”

“तू कुठं कापतेस? नुसती हाक तर मारायची.”

त्यांनी मुठीत कण्या घेऊन हाक मारली. बाकीच्या कोंबड्या फणसावरच बसून राहिल्या. आली ती एकटी तुरेवाली. माहेरच्या गावठी वाणाची शेवटची, रोज पोथी वाचताना मांडीला टेकून बसणारी. ती विश्वासानं तळहातावरच्या कण्या टिपू लागली आणि नवऱ्यानं मागून तिला धरलं. ‘ही नको’ अगदी ओठांवर आलं होतं. पण ओसरीवर जावई उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परसात गेल्या. कोंबड्या हाकेची वाट बघत थांबल्या. अनसूयाबाईंच्या तोंडून हाक निघेना. त्यांनी मुकाट्यानं कण्या टाकल्या.

“आज मौनव्रत का गं?” नवऱ्यानं विचारलं.

माळ मुठीत धरून त्यांनी होकारार्थी मान हलवली.