तुटक धार

पडद्यावर होडी आवाजाविना चालली होती. तिच्यासाठीचं पाणी काचेपलीकडच्या खोलीत होतं, एका पत्र्याच्या टबात, आणि ते हलवणारे काका आत्ताच "आलोच" म्हणून बाहेर गेले होते. तासाभरातली ही तिसरी खेप. काचेच्या या बाजूला त्यांची पुतणी हेडफोन लावून बसली होती. सिनेमातल्या पावलांचे, दारांचे, पाण्याचे आवाज काका काढायचे आणि ती टिपायची. सात वर्षं दोघांचं हे असंच चाललं होतं.

काकांच्या हातांत सतत काहीतरी असे, म्हणून काचेपलीकडून बोलायला त्यांच्या कॉलरला एक छोटा माइक लावलेला असे. तो आज काढायचा राहिला. पुतणीला आधी चपला ऐकू आल्या, मग बाथरूमची कडी. मग काहीच नाही. खोलीला खिडकी नव्हती. सकाळ की दुपार, आत कळायचं नाही. समोर धुक्यातून होडी सरकत होती आणि कानात कुणीतरी नुसतं उभं होतं. बऱ्याच वेळानं पाणी आलं. थोडंसं. थांबलं. पुन्हा चार थेंब, पुन्हा शांतता, आणि एक दमलेला सुस्कारा.

हेडफोन काढायचं, चालू रेकॉर्डिंग थांबवायचं तिला सुचलंच नाही. चोरून ऐकल्याची लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

काका बाह्या सरसावत परत आले. "चल, होडी काठाला लावून टाकू. कुठं हरवलीस?"

"एक आवाज ऐकता?" ती म्हणाली. "कशाचा आहे ते सांगा."

आवाज म्हटलं की काका भरल्या ताटावरून उठून येणारे. ते काचेअलीकडे आले, हेडफोन लावला, डोळे मिटले. स्वतःच्या कानांवर त्यांचा भारी जीव. माणसाच्या चालीवरून त्याचा कुठला गुडघा दुखतो ते सांगायचे, आणि ते खरं निघालं की दिवसभर मिशीत हसायचे.

"तोटी आहे कुठलीतरी," ते म्हणाले. "मागं पाणी भरपूर आहे, पण वाट आवळलीय. धार धरतच नाही. कुणाच्या घरची? त्याला म्हणावं, बाबा रे, कानाडोळा करू नकोस, एक दिवस साफ तुंबेल."

तेवढ्यात हेडफोनमधला माणूस खाकरला. काकांनी डोळे उघडले. आपलं खाकरणं माणूस हजारांत ओळखतो.

त्यांचा हात कॉलरकडे गेला. कान लाल झाले. "पुसून टाक ते," ते म्हणाले. "वय झालं की सगळ्यांचंच असं होतं. तुझं काम नदी टिपायचं, ती टिप."

"होतं ना सगळ्यांचं. बहुतेकांचं प्रोस्टेट नुसतं वाढलेलं असतं, औषधांनी भागतं. पण ते तपासल्यावरच कळतं, काका. आणि तुमच्या तर सख्ख्या भावाला..." ती थांबली. "डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, भावानं रक्त तपासून घ्यावं. तुम्ही हो हो म्हणालात आणि विसरलात."

"मला दुखत-खुपत काही नाही."

"बाबांनाही नव्हतं."

काका पडद्याकडे बघत राहिले. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता. होडी काठाजवळ यायची आणि परत धुक्यात जायची. होडीत बसलेल्या बाईला त्याचं काही वाटत नव्हतं.

"बाबा बाथरूमचा नळ सोडून ठेवायचे," पुतणी म्हणाली. "पूर्ण सोडायचे. आई ओरडायची, पाणी काय वाया घालवायला आहे का? वर्षभर आम्ही तो नळ ऐकला, काका. त्याच्याआडचं कुणालाच ऐकू आलं नाही. माझं कामच ऐकायचं, आणि मीसुद्धा नळ ऐकत बसले." तिचा आवाज फुटला. तिनं तो सावरला नाही.

काका स्टुलावर टेकले. दादा प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेला त्याला तीन वर्षं झाली, पण तो विषय या खोलीत कधी निघाला नव्हता. निघू द्यायचा नाही, असं दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

"दादाला कळलं तेव्हा वय काय होतं त्याचं?"

"एकसष्ट."

"मला साठ झाली," काका म्हणाले. मग त्यांनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवला आणि बोटानं खूण केली, लाव.

ते सगळं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. वाट बघणं, थेंब, शांतता, सुस्कारा. परक्या माणसाचं ऐकावं तसं, शेवटपर्यंत. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा मऊ झाला. त्या माणसाची त्यांना दया आली असावी.

संपल्यावर पुतणीनं बटणाकडे बोट नेलं. "पुसते आता."

"राहू दे," काका म्हणाले. "डॉक्टरांना हेच ऐकवू. मला तोंडानं सांगता यायचं नाही."