खुर्चीचा सौदा

उपरण्याखाली सयाजीचा हात बैलांचा व्यापारी जानकू याच्या हातात होता आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. अवसरीतल्या त्या दुमजली घराच्या अंगणात बैलाचा भाव ठरत होता, तोंडानं एक आकडा न काढता, नुसती बोटं दाबून. वर गॅलरीत खाटेवर टेकून बसलेल्या कुशाबाईला फक्त उपरणं हलताना दिसत होतं.

बैल म्हणजे पाखऱ्या. गाड्याच्या शर्यतीत दोन तालुक्यांत त्याचं नाव होतं आणि सयाजीचं जे काही नाव होतं ते त्याच्याच जिवावर. असा बैल विकायला काढणाऱ्याला गावानं वेड्यात काढलं असतं, पण कारण कळल्यावर गाव गप्प बसलं. सयाजीच्या बायकोच्या, कुशाबाईच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी आणि झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. तेव्हापासून ती खाली आली ती दवाखान्यात जायलाच, तीही चादरीच्या झोळीत. झोळीत घातलं की आपलं प्रेतच निघालंय असं वाटतं, म्हणायची. पुढं पुढं ती दवाखानाही नको म्हणू लागली.

म्हणून खुर्ची. जिन्याच्या कडेनं रूळ बसवायचा आणि त्यावरून विजेची खुर्ची माणसाला वरखाली नेते, हे सयाजीनं टीव्हीवर पाहिलं होतं. पुण्याहून कंपनीचा माणूस येऊन जिना मोजून गेला. जिन्याला मध्येच वळण, तेव्हा रूळ मापानं करून परदेशातून आणावा लागेल, असं म्हणून त्यानं जो भाव सांगितला त्यात नवा ट्रॅक्टर दारात आला असता. बँक ट्रॅक्टरला कर्ज द्यायला तयार होती, खुर्चीला नाही. सरकारी कचेरीत अपंगांना तीनचाकी सायकल मिळत होती, पण ती जिना कशी चढणार हे तिथल्या साहेबांनाही सांगता येईना. उरला पाखऱ्या.

उपरणं थांबलं. जानकूनं खिशातून इसाराच्या नोटा काढून सयाजीच्या मुठीत कोंबल्या. सौदा झाला. उपरण्याखाली दिलेला शब्द तिथं कुणी फिरवत नाही. फिरवलाच, तर पुन्हा त्याच्या दारात व्यापारी उभा राहत नाही.

"आली गं तुझी खुर्ची," सयाजी वर बघून म्हणाला.

मुलगा गेणू पाखऱ्याला सोडायला आत गेला. तळमजल्यावरची रस्त्याकडची मोठी खोली पाखऱ्याची. मळ्यात चांगला गोठा होता, पण शर्यतीच्या बैलाला कुणी वैऱ्यानं काही खायला घातलं तर, या धास्तीनं घर बांधतानाच त्याची सोय आत केलेली. गेणूनं बैल अंगणात आणला, तरी जानकू कासऱ्याला हात लावीना. वहिनींचं कुंकू लागल्याशिवाय आपण बैल नेत नाही, म्हणाला. ज्या बाईनं पाय धुऊन जनावर घरात घेतलं, तिनंच कुंकू लावून ते बाहेर काढायचं, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. गडबडीत कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

कुंकवाचं ताट वर नेऊ, तिचा हात लावून आणू आणि गेणू टिळा लावील, असं सयाजीनं सुचवलं.

"तसलं कुंकू मला नगं, सयाजीभाऊ. उद्या शर्यतीच्या घाटात बैल पडला तर मी कुणाला इचारू?"

मग कुशाबाईच वरून म्हणाली, की मला खाली न्या, पण झोळीत नको.

तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून धोतरानं बांधलं. वरून गेणूनं पाठ धरली, खालून सयाजीनं पाय. वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला. सयाजी भिंतीशी दाबला गेला, खुर्ची तिरकी झाली आणि कुशाबाई पुढं झुकली. चांगल्या हातानं तिनं सयाजीचं डोकं घट्ट धरलं. कुणी हलेना. शेवटी गेणूनं दातओठ खाऊन खुर्ची इंचभर उचलली, पाय सुटला आणि ते खाली आले.

कुशाबाईनं डाव्या हातानं कुंकू लावलं. पाखऱ्यानं मान खाली घालून तिचा हात चाटला आणि तिला रडू कोसळलं. पिठाचे गोळे चारून तिनंच त्याला वाढवला होता. आता जानकूनं कासरा हातात घेतला.

"रडू नगंस," सयाजी म्हणाला. "खुर्ची बसली की रोज खाली येशील."

कुशाबाई उघड्या दारातून रिकाम्या खोलीकडं बघत होती.

"खुर्ची कशाला? माझी खाट हितं टाका."

सयाजीनं खोलीकडं पाहिलं. तिला ही खोली, बैलाला मळ्यातला गोठा, राखणीला घरचाच गेणू, सगळं एकदमच त्याच्या डोक्यात आलं. तो खुर्चीशेजारी खाली बसला.

"ह्ये आदी का न्हाई बोललीस?"

"दोन दिवाळ्या वाट बघितली, तुमच्या मनात येतंय का म्हणून." ती त्याच्याकडं न बघता बोलली. "बैल इकायचं आलं मनात. त्याची खोली मला द्यायचं न्हाई आलं."

मुठीतल्या नोटा तशाच धरून सयाजीनं जानकूकडं पाहिलं. जानकूनं मान फिरवली आणि कासऱ्याचा आणखी एक वेढा आपल्या हाताला घेतला.