लिटरला बारा

मौलालीचाचांनी गाडीच्या मागच्या चाकाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. चाक तव्यासारखं तापलं होतं.

भीमाबाई गॅरेजच्या बाकावर बसून सगळं बघत होती. गाडी तिच्या जावयाची, नवनाथची. आठ माणसं ऐसपैस बसतील एवढी मोठी, जुनी आणि डिझेल पिण्यात पटाईत. अ‍ॅव्हरेज लिटरला सात. मैंदर्गीहून सोलापूरला यायचा विषय निघाला की नवनाथ हे सातच पुढं करायचा. दोन वर्षांत प्रतिक्षा एकदाही माहेरी आली नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही गाडीच्या नावानं सासरीच उरकलं. एसटीनं आणा म्हटलं तर बाळाला उलट्या. मीच येते म्हटलं तर नेमकं त्याच दिवशी त्यांना कुणाच्या तरी लग्नाला जायचं. नातू आठ महिन्यांचा झाला आणि आजीनं त्याला फक्त फोनवर बघितलेलं.

शेवटी भीमाबाईनंच जावयाला शब्दात पकडलं. गाडी दहाच्या वर गेली तर लेकीला आणाल का? तो हो म्हणाला, पण दाढ काढायला निघाल्यासारखं तोंड करून.

आज सकाळीच तिनं घरातली एक फळी नातवाच्या कपड्यांसाठी रिकामी केली होती. फळीवरच्या कागदाखाली प्रतिक्षाचं नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेचं हॉलतिकीट तसंच होतं. भीमाबाईनंच तिथं लपवलेलं. स्थळ चांगलं चालून आलं होतं, परीक्षेपायी ते हातचं गेलं असतं. लेकीनं दोन दिवस घर उलथंपालथं केलं, आईकडं एकदा रोखून बघितलं आणि मग गप्प बसली. भल्यासाठीच केलं, असं मनाशी म्हणत भीमाबाईनं त्यावरच नवा कागद अंथरला.

मौलालीचाचांनी टपावरचं जड कॅरिअर नवनाथच्या मदतीनं उतरवलं, एअर फिल्टर बदलला, चारी चाकांत हवा भरली. मग ते नवनाथला बाजूला घेऊन हळूच बोलले. पण भीमाबाईचे कान तिखट.

"जावईबापू, हँडब्रेक थोडा वढूनच गाडी चालवता व्हय? चाकं उगंच तापत न्हाईत."

"इसरलो असंन, चाचा," नवनाथ म्हणाला.

विसरलो म्हणे. भीमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जावयाला चार लोकांत बोलायचं कसं? तिनं राग गिळला.

गाडी चाचांनी स्वतः चालवली. पंपावर टाकी काठोकाठ भरली, मंद्रूपपर्यंत जाऊन आले आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरली. भीमाबाई पुढच्या सीटवर जीव मुठीत धरून बसली होती. चाचांनी हिशेब करून सांगितलं, लिटरला बारा.

भीमाबाईचे डोळे भरून आले. गॅरेजमध्ये परतल्यावर चाचा आत गेले, तेव्हा ती नवनाथपुढं जाऊन उभी राहिली.

"माज्या लेकीला माज्यापासनं का तोडलं तुमी?"

नवनाथ कॅरिअरचे नटबोल्ट गोळा करत होता.

"आई, मी न्हाय तोडलं," एवढंच म्हणाला.

त्यावर तिचा काडीचाही विश्वास बसला नाही.

तेवढ्यात बॉनेटवर ठेवलेला त्याचा फोन वाजला. पडद्यावर प्रतिक्षाचं नाव होतं, कडेवर बाळ घेतलेला फोटो होता. नवनाथचे हात ग्रीसनं माखलेले.

"राहू द्या, आई, मी घेतो," म्हणत तो धावला. पण ही बातमी लेकीला आपणच द्यायची, म्हणून भीमाबाईनं फोन उचलला होता आणि स्पीकरही लावला होता. ती तोंड उघडणार, तोच पलीकडून प्रतिक्षाचा आवाज आला.

"अहो, किती दिलं गाडीनं? दहाच्या वर गेली असंल तर आईला सांगा की, गाडी विकली म्हणून."