मोकळी पट्टी

जावाच्या किनाऱ्यावरचं आमचं कब्रस्तान समुद्राने गिळलं, त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून वागिनेम आजी रोज ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिथे खारफुटीची रोपं लावायची. आम्ही बोटीतून ओरडायचो, "आजी, समुद्राला कुंपण घालतेस होय?" ती वरही न बघता म्हणायची, "समुद्र नाही ऐकत रे माझं. चिखल ऐकतो."

चिखलाने खरंच ऐकलं. मुळांत गाळ साचत गेला आणि यंदा कबरींच्या जागी पुन्हा जमीन वर आली.

जंगल खात्याचे साहेब पाटी घेऊन आले. "आजी, तुमच्यामुळे हे राखीव जंगल झालं बघा. आता इथे कुणी फांदी तोडायची नाही की कुदळ मारायची नाही." मग त्यांना झाडीच्या मधोमध माणसाच्या लांबीची एक मोकळी पट्टी दिसली. "एवढीच कशी राहिली? द्या एक रोप, आज मीच लावतो."

आजी त्या पट्टीवर जाऊन उभी राहिली.



"इथे एकदाच कुदळ मारू द्या, साहेब. शेजारी माझा नवरा आहे."