खांबाची बास

“खांबाचा आवाज बाहेर सोडायचा नाही,” मास्तर हळूच म्हणाले.

आवाजाच्या मिक्सरपाशी बसलेल्या मुलीनं मान वर केली. “खांब म्हणजे?”

“स्टेजवर बास गिटार पुसत बसलाय ना, तो उंच. कार्यक्रमभर जागचा हलत नाही, म्हणून खांब.”

“बास बंद ठेवायची? मग खालचे सूर?”

“ते माझ्या कीबोर्डवर.” मास्तरांनी डावा हात वर केला. उजवा नेहमीसारखा कोटाच्या खिशात होता.

हॉल पुढच्या आठवड्यात पाडणार होते. भिंतींवरची पोस्टरं काढून झाली होती. त्यांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. लाकडी फरशीवर नाचणाऱ्यांच्या टाचांचे खळगे मात्र तसेच होते. पाडण्याआधी एकदा जुन्या बँडनं वाजवावं अशी मालकीणबाईंची इच्छा. सगळे जमले होते. फक्त आवाजाचं सांभाळणारे अण्णा नव्हते. ते गेल्या वर्षी वारले. त्यांच्या जागी ही मुलगी आली होती, आणि तिला हे सांगणं भाग होतं.

“त्यांना माहीत आहे?” तिनं विचारलं.

“छे! पायाशी छोटा स्पीकर असतो, त्यात त्याचं त्याला ऐकू येतं. ड्रमच्या दणक्यात बाकी कुणाला पत्ता लागत नाही. त्याला वाटतं, सगळा हॉल ऐकतोय.”

“कधीपासून?”

“तीस वर्षं होतील.” मास्तर शेजारच्या खुर्चीवर टेकले. “आमचा एक हंगामच वाईट गेला. गाणाऱ्या ताईंचा आवाज बसला. सामान उतरवताना गाडीच्या दारात माझी बोटं चेमटली. आणि हा खांब ताल चुकायला लागला. कधी मागे, कधी पुढे. आधी इतकं सुरेख वाजवायचा! काढून टाकणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. शेवटी अण्णांनी गुपचूप त्याचा आवाज बंद केला.”

“आणि खालचे सूर तुमच्याकडे आले.”

“त्या सुरांना डावा हात पुरतो. बोटं गेल्यावर खरं तर मलाच घरी बसवायचं चाललं होतं.” ते ओशाळं हसले. “हे बघ पोरी, आज त्याची नातवंडं समोर बसणार आहेत. एवढं शेवटचं निभावून ने.”

तिनं मान डोलावली.

वायर जोडायला ती स्टेजवर गेली. खांबानं बास मांडीवर घेतली होती. जाड, तपकिरी, कोपऱ्यांचा रंग उडालेली.

“काका, मीही बासच वाजवते,” ती म्हणाली.

“अरे वा! म्हणजे आणखी एका घराची शांती गेली. कुठली आवडते तुला?”

“माझी छोट्या मानेची आहे. बोटं पुरतात, आणि चार जिने चढताना खांदा निखळत नाही. आमच्या सरांना मानेवर पट्ट्या नसलेली लागते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं म्हणतात.”

“घसरायला मला पट्ट्या असल्या तरी चालतं,” खांब म्हणाला. मागे ड्रमवाला खो-खो हसला.

“ही का आवडते तुम्हाला?”

“बायकोला विचार. ती हिला सवत म्हणते. सकाळी चहाच्या आधी ही मांडीवर लागते.” त्यानं कापडानं तारा पुसल्या. “आधी दुसरी होती. काळी, बारीक मानेची. नुसतं बोट टेकवलं की धावायची. फार लाडकी होती माझी. इथली फरशी हलायची तिच्यानं. ताईंना विचार.”

“हलायची हो,” ताई माइक पुसत म्हणाल्या. “आता माझे गुडघे हलतात.”

“मग सोडलीत का ती?”

“तिला गप्प बसता येत नव्हतं.” त्यानं तपकिरी लाकडावर बोटांनी टकटक केली. “हिला येतं.”

वायर लावताना तिची नजर बासच्या मानेवर गेली. पट्ट्यांमध्ये तारांच्या खोल खाचा पडल्या होत्या, अगदी वरच्या टोकापर्यंत. रोज वाजवल्याशिवाय अशा खाचा पडत नाहीत.

तालीम सुरू झाली. पहिलं गाणं ठीक झालं. खालचे सूर मास्तरांच्या डाव्या हातातून हॉलभर घुमले. खांब डोळे मिटून उभा होता.

“ड्रम जरा जास्त वाजतोय,” मुलगी ओरडली. “बाकीचे थांबा. ड्रम आणि बास चालू ठेवा.”

मास्तर घाईनं मिक्सरपाशी आले. बासच्या आवाजाची सरकपट्टी खाली ओढलेली होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मुलीनं त्या सरकपट्टीवरचं बारीक बटण दाबलं.

“ते काय आहे?”

“बाहेर बंद असलेलं वाद्यही यातनं माझ्या हेडफोनमध्ये येतं.”

ती ऐकत राहिली. बराच वेळ. मग तिनं हेडफोन काढले आणि मास्तरांच्या कानांवर चढवले.

बास वाजत होती. गोल, भरदार, एकेक सूर नेमक्या जागी. मधूनच ठोक्याच्या किंचित आधी येणारी ती लकब, जिच्यावर कधीकाळी हा हॉल नाचायचा. आणि अशी वळणं, जी मास्तरांच्या डाव्या हाताला आजवर जमली नव्हती.

मास्तरांचा उजवा हात खिशातून बाहेर आला. न वळणारी बोटं मिक्सरच्या कडेवर टेकली.

“मास्तर, झोपलात का तिकडे?” ताईंनी हाक मारली.

खांबानं डोळे उघडले. मास्तरांच्या कानांवरचे हेडफोन त्याला दिसले.

पुढच्याच ठोक्याला त्याचा ताल सुटला. अगदी त्या हंगामात सुटायचा तसाच.