एकशे बारा

दारावरची बेल वाजवून ती दोन पावलं मागे सरकली. अजूनही जिना उतरून परत जाता आलं असतं. तेवढ्यात दार उघडलं. मास्तरांची धाकटी बहीण म्हणाली, "या ना. फोन आल्यापासून दादा वाटच बघतोय."

मास्तर म्हणजे तिचे जुने साहेब. सरकारी खात्यांना सल्ला देणारी त्यांची संस्था एवढीशी होती. चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि पाच माणसं. शाळा कुठे काढायची, कुठली बस बंद करायची, हे ठरवायच्या आधी खात्याला त्यांचा अहवाल लागे. प्रत्येकाच्या मसुद्यावर लाल पेन चालवायचे, म्हणून ते मास्तर. तिला नोकरीला त्यांनीच घेतलं, घडवलंही त्यांनीच. आणि नऊ वर्षांपूर्वी तिची चूक अंगावर घेऊन नोकरी सोडली, तीही त्यांनीच.

तेव्हा डोंगरापलीकडच्या एका छोट्या सरकारी दवाखान्याचं काम आलं होतं. वर्षाला दीडशेच्या आत बाळंतपणं होत असतील, तर तिथला बाळंतपणाचा विभाग बंद करायचा होता. ती तीन दिवस तिथे जाऊन बसली. रजिस्टरमधली एकेक नोंद वहीत उतरवली, पानापानावर तिथल्या सिस्टरची सही घेतली. पण घरी लेक तापाने फणफणलेली होती आणि हिचा अर्धा जीव फोनमध्ये अडकलेला. परत आल्या आल्या तिने बेरीज एका चिठ्ठीवर लिहून मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि रजा टाकून घर गाठलं.

अहवालात आकडा छापून आला, एकशे बारा. विभागाला कुलूप लागलं.

चार महिन्यांनी तिथली एक बाई मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाली. बाळ गेलं. एका बातमीदाराने जुनं रजिस्टर मिळवून नोंदी मोजल्या. त्या भरल्या दोनशे अकरा.

बातमी वाचताना तिने दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले. दोन-एक-एक, एक-एक-दोन. लेकीच्या काळजीत आपण आकडा उलटा लिहिला, याबद्दल तिला तीळमात्र शंका वाटली नाही.

चौकशी जाहीर झाली त्या दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, तिने कपाटातून ती वही काढून पर्समध्ये घातली. उघडून पाहिली नाही. आपली चूक आपल्याच अक्षरात वाचायची छाती नव्हती. घरी जाऊन बादलीत भिजवली, लगदा केला आणि कचऱ्यात टाकला.

दोन दिवसांनी मास्तरांनी सहज विचारावं तसं विचारलं, "दवाखान्याची वही कुठंय गं?"

"कपाटातच असेल," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. पुढच्या आठवड्यात चौकशीत त्यांनी सांगितलं, की आकडा उतरवताना आपल्याच हातून चूक झाली. त्याच दिवशी राजीनामा दिला. चौकशी तिथेच मिटली, विभाग मात्र बंदच राहिला. ते सगळं समजून आपल्याला वाचवताहेत, हे तिने ओळखलं. आणि ती मूग गिळून बसली. वर्षभराने त्यांची खुर्ची तिला मिळाली.

त्यानंतर तिने एकही आकडा तीनदा तपासल्याशिवाय बाहेर जाऊ दिला नाही. हाताखालची पोरं पाठीमागे तिला 'तिसरी तपासणी' म्हणायची, तेही तिला ठाऊक होतं. एकदा त्या जीपमधल्या बाईला भेटायचं म्हणून ती बसने निघाली होती. गावाच्या थांब्यावर उतरली आणि त्याच बसने माघारी आली.

गेल्या आठवड्यात खात्याचं पत्र आलं. राज्यातले सगळे छोटे दवाखाने तपासण्यासाठी समिती नेमली होती, आणि 'आपल्या निर्दोष कामाचा लौकिक पाहून' तिला प्रमुख केलं होतं. संमतीच्या कागदावर सही न करताच तिने मास्तरांना फोन लावला.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. फार वाळले होते. ऑफिसातलं कोण कुठे आहे, छपाईचं यंत्र अजून कागद खातं का, असं विचारत राहिले. बहीण चहा टाकायला आत गेली, तेव्हा तिने धीर केला.

"मास्तर, तो आकडा माझा होता. तुम्ही माझं पाप अंगावर घेतलंत आणि मी तोंड उघडलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. 

"नऊ वर्षं तू हे धरून बसलीस?" ते म्हणाले. "अगं, तुझ्या चिठ्ठीवर दोनशे अकराच होतं. खात्याच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, विभाग बंदच करायचाय, आकडा तसा बसवा. नाहीतर पुढचं काम विसरा. पाच जणांचे पगार होते त्या कामावर. मी आकडा फिरवला आणि चिठ्ठी फाडली. उलटा लिहिला तो एवढ्यासाठी, की पुढेमागे अंगाशी आलं तर लिहिताना चुकलं म्हणता यावं."

 तिचे डोळे वाहू लागले आणि तिने ते वाहू दिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा छातीभर श्वास आला.

"मग चौकशीत खरं का नाही सांगितलंत?" शेवटी तिने विचारलं.

"तेच सांगायचं ठरवलं होतं. ते बाळ गेल्यापासून माझा डोळ्याला डोळा नव्हता. खात्याला उघडं पाडलं असतं, तर विभाग पुन्हा चालू करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. पण खरा आकडा आपल्या हातात आला होता, हे दाखवायचं कशावरून? सिस्टरच्या सह्यांची तुझी वही, तेवढा एकच पुरावा उरला होता. तू म्हणालीस म्हणून अख्खं कपाट उपसलं मी. वही नव्हती."

आत कपबशा वाजल्या. मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला.

"खात्याचाच कुणीतरी येऊन घेऊन गेला असणार," ते म्हणाले. "मी स्वतःला एक वेळ माफ करीन. त्याला नाही."